पाच बाय सातची फरशी

गोधडी शिवायचं मनात आलं की पाय आधी सुई-दोऱ्याच्या दुकानाकडे वळतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी टेप घ्या आणि घरातली मोकळी फरशी मोजा. एका माणसाच्या गोधडीला पाच बाय सात फूट लागतात. पण तिच्या भोवतीनं गुडघ्यांवर फिरायचं असतं, म्हणजे आठ बाय दहाची जागा रिकामी हवी, आणि तीही निदान अर्धा दिवस. बेळगावात टिळकवाडीत आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. सोफा, शोकेस आणि ह्यांचं कॉम्प्युटरचं टेबल वजा केलं तर हॉलमध्ये सतरंजीसुद्धा दुमडूनच अंथरावी लागते. अशा घरात राहून मी वर्षभरात तीन गोधड्या हातावेगळ्या केल्या, तिन्ही हातशिलाईच्या. टाके घालणं जमतं हो. ज्याला बटण लावता येतं त्याला जमतं. अडतं ते पसरण्यापाशी. त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

सुरुवात ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. दिवाळीआधी रंगकाम काढलं, माळा रिकामा केला आणि गाठोडी खाली आली. सासूबाईंची इरकल लुगडी, मामंजींची धोतरं, माझ्या ऑफिसच्या सुती साड्या, मुलाचे शाळेचे शर्ट. बोहारणीनं सगळ्याचं मिळून एक पातेलं देऊ केलं, वर झाकण मागू नका म्हणाली. मी पातेलं हातात घेऊन पाहिलं आणि गाठोडं परत बांधलं. गोधडीचा विचार त्याच दुपारी आला. त्यामागे हुरहुर वगैरे काही नव्हती, पातेलं फार पातळ होतं एवढंच.

नोव्हेंबरचे शनिवार-रविवार कापड निवडण्यात गेले. हाताच्या शिलाईला सुती कापडच हवं. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर पाच थरांतून सुई जाता जात नाही, आणि दोरा ओढला की कापड चुरगळून गोळा होतं. ओळखायचं कसं? काठातला एक धागा ओढून काडीनं पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरडते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. 'प्युअर कॉटन' म्हणून मोठ्या हौसेनं घेतलेल्या माझ्या साड्यांपैकी काहींचे मणी झाले. त्या बोहारणीला दिल्या, चहाची गाळणी मिळाली.

दुसरी तपासणी रंगाची. ओलं पांढरं फडकं कापडावर दाबून चोळायचं. लाल, जांभळा आणि गर्द हिरवा यांच्यावर विश्वास टाकायचा नाही, कितीही वर्षं धुतलेले असोत. तिसरी तपासणी खिडकीत उभं राहून करायची. कापड उजेडासमोर धरलं की विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. असं कापड वरच्या थराला चालत नाही, आतल्या थरांना मात्र उत्तम, कारण सुई लोण्यातून जावी तशी जाते. धोतरांना जुनी खळ होती. ती गरम पाण्यात रात्रभर भिजवून काढली, नाहीतर सुई थरांत अडखळते.

इरकल लुगड्यांचं जरा वेगळं आहे. अंग सुती असतं, पण लाल टोपपदर रेशमाचा किंवा नकली रेशमाचा, निसरडा. तो सुती थरांबरोबर एकजीव होत नाही. मी पदर कापून बाजूला ठेवले. हिशोब मात्र लुगड्याचा झकास बसतो. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, पन्हा साधारण सव्वा मीटरला थोडा कमी. दोन-दोन मीटरचे चार तुकडे करायचे, दोन-दोन उभे जोडायचे, की एकाच लुगड्यात गोधडीची वरची बाजू आणि पाठ दोन्ही निघतात. सहावारी साडीत एकच बाजू होते आणि मीटरभर कापड कडेच्या पट्टीला उरतं.

पहिली गोधडी मुद्दाम छोटी घेतली. पुण्याच्या भाचीला जानेवारीत बाळ व्हायचं होतं. तीन फूट चौरस, चार थर, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी. वर-खाली धोतरच वापरलं. बाळाच्या कापडात जरीचा धागा नको, बटण नको, टिकली नको, आणि गाठ बाहेर नको. गाठ थरांच्या मध्ये लपवायची असेल तर वरच्या थरातून सुई घालून दोरा हलकेच झटकायचा. गाठ टप्पकन आत जाते. हे एकदा हाताला कळलं की मजा येते. खडेबाजारातून जाड सुती दोऱ्याची रिळं, मोठ्या नाकाच्या सुयांचं पाकीट आणि एक अंगुस्तान आणलं. सगळं मिळून दोनशेच्या आत. अंगुस्तान आधी बोटात टोचायला लागलं म्हणून काढून ठेवलं होतं. बोटाच्या टोकाला भोकं पडायला लागल्यावर ते आपोआप गोड वाटायला लागलं. नाताळच्या सुट्टीत ही गोधडी पुण्याला जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर गेली.

संक्रांतीला आत्याकडे गेले. तिचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडजवळ. वय ऐंशीच्या पुढे, आता सुई ओवता येत नाही, पण वाकळ म्हटलं की डोळे चमकतात. मोठी गोधडी कुठं शिवणार असं तिनं विचारलं. घरात, म्हटलं. "घरात कुठं?" असं परत विचारलं. पलंगावर पसरून टाचते असं सांगितल्यावर ती हसायलाच लागली.

"पलंगाला गादी, गादीला खळगा. तुझी वाकळ खळग्यात बसंल बघ. खाली भुई पायजे, कडक. पोटातनं बाहेर टाच, आन् शिवताना बाहेरनं पोटात जा."

सगळी विद्या या शेवटच्या वाक्यात आहे. टाचणं म्हणजे कच्चे टाके, सगळे थर जागेवर धरण्यापुरते. ते मधोमध सुरू करून चारही बाजूंना न्यायचे, म्हणजे हवा आणि सुरकुत्या बाहेर सरकतात. पक्की शिलाई मात्र कडेनं सुरू करून आत आत जायची. टाचण नीट नसेल तर सगळी सुरकुती शेवटी मध्यावर येऊन फुगते, आणि तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात.

तर प्रश्न कडक भुईचा. गच्चीवर सोसायटीच्या टाक्या आणि कबुतरं. मग शेजारच्या अक्कांनी सुचवलं की जवळच्या एका देवस्थानचं सभागृह भाड्यानं मिळतं. अक्का मूळच्या गोकाकच्या, घरात कन्नड, माझ्याशी मराठी. त्यांच्या आईकडेही कौद्या, म्हणजे गोधड्याच, शिवायच्या, त्यामुळे त्यांना भलताच उत्साह. आणि पौष चालू होता. ही गोष्ट लिहून ठेवा: पौषात लग्नं नसतात, म्हणून सभागृहं रिकामी असतात आणि कारभारीही जरा नरम असतात. माघ लागला की तारीख मिळणं कठीण.

देवस्थानच्या ऑफिसातले क्लार्क माझ्याशी अस्खलित मराठीत बोलले, छापील अर्ज मात्र कन्नडमध्ये होता. माझं कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतं. अक्कांनी बाकावर बसून अर्ज भरला, मी सही केली. आधारची झेरॉक्स, एक फोटो, अर्ध्या दिवसाचं भाडं सहाशे, अनामत एक हजार, पंखे लावले तर विजेचे शंभर वेगळे. अडलं ते 'उद्देश' या रकान्यापाशी. लग्न, बारसं, मुंज, सभा, प्रवचन यांचे दर ठरलेले होते, गोधडीचा दर नव्हता. क्लार्कनी वहीत मागची पानं उलटून पाहिली, पूर्वी कुणी अशी मागणी केलीय का म्हणून. मग विचारलं, "जेवण आहे का?" नाही म्हटल्यावर 'इतर, घरगुती, भोजनाविना' असं लिहून पावती फाडली. पावती जपून ठेवा. अनामत परत मिळायला खजिनदारांची सही लागते, आणि खजिनदार ठरावीक वारीच येतात. माझे हजार रुपये परत यायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला. तक्रार नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

जानेवारीतला तो शनिवार मला पाठ आहे. मी, अक्का, त्यांच्या जाऊबाई आणि पतसंस्थेतली माझी एक मैत्रीण. आधी फरशी दोनदा झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, पूर्ण वाळू दिली. पाठीचं कापड उलटी बाजू वर करून अंथरलं, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, मधल्या कडांवर अक्कांच्या घरचा वरवंटा आणि माझे दोन बत्ते. कापड ताणायचं, पण फार नाही; फार ताणलं तर विटा काढल्यावर ते आखडतं आणि वरचे थर ढिले पडतात. त्यावर धोतरांचे दोन थर, मग विरलेल्या साड्यांचे तुकडे. तुकडे एकमेकांवर बोटभर चढवून ठेवायचे, पण जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथं दांडा होतो आणि पाठीला रुततो. प्रत्येक थर मधून बाहेर तळहातानं सारखा करायचा. सगळ्यात वर इरकलीचं अंग, काठ दोन्ही बाजूंना.

मग टाचण. वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके, पांढऱ्या दोऱ्याचे, म्हणजे नंतर उसवताना दिसतात. गुडघ्याखाली जुन्या उशा घेतल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रामराम आठवला. राखणदार दोनदा येऊन बघून गेला. भजनाची बैठक आहे असं त्याला वाटत होतं. शेवटी चहा घेऊन तोही एका वीटेवर पाय देऊन उभा राहिला, ते बरंच झालं, कारण तो कोपरा सारखा सरकत होता.

टाचण झालं की जागेचा प्रश्न सुटतो, हे मात्र मोठं सुख. दोन्ही बाजूंनी गुंडाळी करायची, लागेल तेवढी मांडीवर उघडायची. फेब्रुवारीपासून रोज रात्री जेवणं झाली की तासभर शिवत होते. धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. त्या अंतरानं पाच बाय सातच्या गोधडीत दीडशे मीटरच्या वर शिलाई होते. हा हिशोब मी सुरू करण्याआधी केला नाही याचं मला समाधान आहे. दोरा हातभरच घ्यावा. आळसानं लांब घेतला तर त्याला पीळ पडतो, गाठी होतात, आणि वाचवलेला वेळ त्या सोडवण्यात जातो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की सुटसुटीत चालतो. एका दमात पाच-सहा टाके सुईवर घेण्याची ऐट चार थरांपर्यंत ठीक. सहा थरांना दोन-तीनच टाके घ्या, नाहीतर पाठीकडचे टाके खालचा थर पकडतच नाहीत. अधूनमधून उलटून बघायची सवय लावावी.

मार्चअखेर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. डॉक्टरांनी काही दिवस पूर्ण विश्रांती आणि नंतर वीस मिनिटांनी हात मोकळा करायला सांगितला. मोबाइलवर गजर लावून शिवणं सुरुवातीला हास्यास्पद वाटलं, आता त्याशिवाय बसत नाही.

मेच्या सुरुवातीला सुट्टीत परत आत्याकडे गेले. तिथून हल्याळ फार लांब नाही. आत्याच्या जावयांची हल्याळ तालुक्यातल्या एका सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, कुटुंबाशी ओळख होती, त्यांच्या घरी गेलो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या पट्ट्यातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्यांना कवंडी म्हणतात. घरातल्या मावशी कोंकणीत बोलत होत्या, मी मराठीत, आणि काही अडलं नाही. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसून शिवत होत्या. खाली फरशी नाही, विटा नाहीत, टाचण नाही. मी बघतच राहिले.

कवंडीत पाठीचं कापड म्हणजे एक साडी. तिच्या कोपऱ्यापासून, कडेनं सुरुवात करायची. एक ठिगळ ठेवायचं, त्याची उघडी कड बोटानं आत मुडपायची आणि धावदोऱ्यानं शिवत जायचं. त्याची संपणारी कड पुढच्या ठिगळाखाली झाकायची. असं कडेकडेनं फिरत, एकेक फेरा आत घेत मध्यावर यायचं. थर, नक्षी आणि शिलाई तिन्ही एकाच वेळी होतात. आधी सगळं पसरून ठरवायचं असं काही नाहीच. पुढचा तुकडा कोणता, ते टोपलीत हात घातल्यावर ठरतं. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. ती लावली नाहीत तर कवंडी उघडी-नागडी दिसते, असं मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडून एक छोटी कवंडी विकत घेतली, मागितली ती किंमत देऊन. शिलाईचे मीटर मोजून बसलेल्या माणसाला घासाघीस करायची हिंमत होत नाही.

बेळगावला परतले आणि पावसानं गाठलं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी, आणि वर यायलाही त्यानं वेळ लावला नाही. मोठी गोधडी अर्धी झाली होती. जूनपर्यंत उन्हात शिवून संपवायचा बेत गुंडाळावा लागला. सुती सहा थर दमट हवेत ओल धरतात आणि कुबट वास एकदा बसला की लवकर निघत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही. जुन्या चादरीत सैल गुंडाळून, आत वाळलेला कडुनिंब घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, आणि उघडीप मिळेल तेव्हा खुर्चीच्या पाठीवर टाकून पंखा लावत राहिले.

पावसाळ्यात हात रिकामे नव्हते. मुलाचे शाळेचे शर्ट आणि कापून ठेवलेले सुती काठ घेऊन पलंगावर बसूनच कवंडीच्या रीतीनं तिसरी गोधडी सुरू केली. कधी खिडकीपाशी, वीज गेली की गॅलरीत. ठिगळ लावताना खालचं कापड गोळा होऊ नये म्हणून डाव्या हाताचा पंजा खाली ताठ ठेवावा लागतो. एवढं साधलं की बाकी पुढचं पुढं. माझ्या फेऱ्या वाकड्या आहेत आणि एका कोपऱ्याचं फूल बाकीच्यांपेक्षा लठ्ठ आहे. ज्यांच्या घरात खरोखरच जागा नाही, त्यांनी याच रीतीनं सुरुवात करावी असं मला वाटतं. पण ती विकायला काढायची झाली तर मी नाही काढणार; तो व्यवसाय त्या बायकांचा आहे.

गणपती गेले, हवा जरा कोरडी झाली आणि मोठी गोधडी पुन्हा काढली. दसऱ्याच्या आत ती संपली. शेवटचं मधलं ठिगळ लावण्याआधी भाकरीचा तुकडा आत घालायचा, वाकळ उपाशी ठेवू नये, असं आत्यानं बजावलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या बघता मी तांदळाचे चार दाणे घातले. आत्याला फोनवर सांगितलं. "तांदूळ? शिजवलेला तरी घालायचास," म्हणाली.

मुलाला ती पुण्याला पाठवायची होती. कुरियरवाल्याकडे खोक्यात घालून नेली. वजन सव्वादोन किलो, पण पैसे जवळपास आठ किलोचे सांगितले. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारानं भागतात आणि ते वजन जास्त आलं तर तेच धरतात. ४५ × ३५ × २५ चं खोकं होतं. घरी येऊन गोधडी घट्ट गुंडाळली, वर बसून दोरीनं आवळली, जाड प्लॅस्टिक आणि वर मांजरपाट शिवलं. आता ४५ × ३० × १२, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. भाडं निम्म्यावर आलं. काउंटरवरच्या मुलानं आत काय म्हणून विचारलं आणि फॉर्मवर 'ब्लँकेट' लिहिलं. किंमत किती टाकू म्हणाला तेव्हा ह्यांच्याकडे बघून पाचशे सांगितले.

चौथ्या दिवशी मुलाचा फोन. आवडली, ऊबदार आहे, फक्त वास येतोय कसलातरी, मशीनमध्ये टाकू का? तो कडुनिंबाचा वास, म्हटलं, आधी दोन दिवस ऊन दाखव. धुवायचीच झाली तर थंड पाणी आणि एकटीच टाक, जीन्सबरोबर नको. पिळायची नाही. आणि ओली असताना एका दोरीवर लटकवलीस तर पाण्याच्या वजनानं मधले टाके ओढले जातील, शेजारी-शेजारी दोन दोऱ्या बांधून त्यांवर आडवी पसर. तो म्हणाला, "आई, आमच्या गॅलरीत एकच दोरी मावते."